झारचा रिसीव्हर, स्विस नळी: फिनलंडने सुट्या भागांतून रायफल कशी उभी केली

फिनलंडची एम/३९ रायफल समोर ठेवली, तर नळीवर साको किंवा व्हीकेटी या कारखान्याचा शिक्का दिसतो, चौकटीत ठोकलेली एसए ही फिनिश सैन्याची अक्षरं दिसतात आणि १९४२ सारखं एखादं साल. दुसऱ्या महायुद्धात, फिनलंडमध्येच बनलेली रायफल, असं समजून कुणीही पुढे जाईल. पण दस्त्याचे स्क्रू काढून लोखंड लाकडातून बाहेर घेतलं आणि रिसीव्हरची, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या पोलादी सांगाड्याची, मागची पट्टी उलटी करून पाहिली, की तिथे १८९७ असं साल निघू शकतं आणि शेजारी तुला किंवा इझेव्स्क या शहरांतल्या रशियन कारखान्याची खूण. मॅगझीनचा डबा कदाचित फ्रान्समधल्या शातेलरोचा. बोल्ट म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा दांडा, त्यावरचा जुना क्रमांक खोडून नवा ठोकलेला, आणि बोल्टचं डोकं तिसऱ्याच कारखान्यातून आलेलं.

जुन्या लष्करी बंदुका जमवणारे लोक एरवी अशा मालाकडे बघून नाक मुरडतात. सगळ्या भागांवर एकच क्रमांक असला तरच ती खरी, हा त्यांचा हिशेब. जर्मन माउझरच्या बाबतीत तो ठीक आहे. फिनिश रायफलीला तो लावला की सगळंच चुकतं, कारण तिथे बेजोड भाग हीच मूळ योजना होती. आणि ती योजना इतकी चांगली उतरली की ज्या रशियन रायफलींच्या अवशेषांतून ही हत्यारं उभी राहिली, त्यांच्यापेक्षा ती नेमबाजीत सरस ठरली. हे कसं घडलं, पैसा कुठे वाचवला, कुठे ओतला आणि कुठे नको तिथे वाचवून फसले, हे या प्रकरणात पाहण्यासारखं आहे.

हाती काय होतं

फिनलंड ६ डिसेंबर १९१७ रोजी रशियापासून स्वतंत्र झाला आणि पुढच्याच महिन्यात तिथे यादवी पेटली. जेमतेम तीसेक लाख लोकवस्तीचा, शेती आणि लाकडावर जगणारा देश. रशियन फौजा जाताना मागे मोसिन-नागां जातीच्या रायफली राहिल्या. काही त्यांच्या कोठारांतून ताब्यात घेतल्या, काही सैनिकांकडून हिसकावल्या. १८९१ सालचा हा नमुना: पाच गोळ्यांचं मॅगझीन, ७.६२ मिलिमीटरचं, बुडाशी कड असलेलं काडतूस, नळी ८० सेंटिमीटर आणि एकूण लांबी १.३ मीटर. संगीन चढवली की रायफल साधारण पावणेदोन मीटरची होते, म्हणजे बहुतेक माणसांच्या डोक्याइतकी किंवा त्याहून उंच.

या एकाच नमुन्याच्या रायफली सहा कारखान्यांतून आल्या होत्या. रशियात तुला, इझेव्स्क आणि सेस्त्रोरेत्स्क. यातलं सेस्त्रोरेत्स्क तर फिनलंडच्या हद्दीला लागूनच. १८९० च्या दशकात रशियाचे स्वतःचे कारखाने तयार नव्हते म्हणून फ्रान्समधल्या शातेलरोला ऑर्डर गेली. पहिल्या महायुद्धात पुन्हा माल कमी पडला, तेव्हा अमेरिकेत रेमिंग्टन आणि न्यू इंग्लंड वेस्टिंगहाऊसने त्या बनवल्या. नकाशा सगळ्यांचा एकच. पण ज्याने एकाच ड्रॉइंगवरून दोन वेगळ्या शॉपमध्ये काम करून घेतलंय, त्याला सांगायला नको की नकाशा एक असला म्हणून फिटिंग एक येत नाही.

यात भर पडली बाहेरून आणलेल्या मालाची. पहिल्या महायुद्धात जर्मनी आणि ऑस्ट्रियाने रशियाकडून या रायफली ढिगांनी जिंकल्या होत्या. युद्ध संपल्यावर त्या युरोपभर कोठारांत पडून राहिल्या, कारण ते काडतूस वापरणारे देश मोजकेच. फिनलंडने ही गिऱ्हाइकी ओळखली. स्वतःकडची इतर जातीची हत्यारं द्यायची आणि बदल्यात मोसिन घ्यायच्या, किंवा भंगाराच्या जवळपासच्या भावाने विकत घ्यायच्या, असा उद्योग १९२० आणि १९३० च्या दशकांत चालू राहिला.

माल मिळाला, पण बहुतेक नळ्या गेलेल्या. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीतलं रसायन पेटलं की नळीत क्षार उरतो. तो धुऊन काढला नाही तर आतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, गंजतात, आणि खंदकात कोण धुणार? त्यातून लोखंडी गज पुढच्या तोंडाकडून घालून नळी पुसायची सवय. गज तोंडाच्या कडेला घासतो आणि गोळी जिथून बाहेर पडते तीच कड झिजते. नेम धरायची मागची साईट रशियन अर्शिन या मापात आखलेली. एक अर्शिन म्हणजे ७१ सेंटिमीटरच्या आसपास. मीटरमध्ये विचार करणाऱ्या फिनिश नेमबाजाला प्रत्येक वेळी मनात गुणाकार. आणखी एक खोड अशी की रशियन सैन्य या रायफलीचा नेम संगीन चढवलेली असतानाच जुळवत असे. संगीन काढली की गोळी दुसरीकडे.

काय ठेवायचं, काय बदलायचं

इथे फिनलंडपुढे तीन वाटा होत्या. सगळं मोडीत काढून नवी रायफल घ्यायची, त्याला पैसे नव्हते. आहे तशी वापरायची, तर नेमबाजीचा आग्रह सोडावा लागणार. तिसरी वाट म्हणजे रायफल उघडायची आणि एकेका भागाचा वेगळा निकाल लावायचा.

रिसीव्हर ठेवायचा, हा पहिला निकाल. फिनलंडने मोसिनचा रिसीव्हर स्वतः कधीच बनवला नाही, शेवटपर्यंत नाही. कारण सरळ आहे. रायफलीत सगळ्यात महाग भाग तो. आधी फोर्जिंग, मग एकामागून एक मशिनिंगचे टप्पे, प्रत्येक टप्प्याला वेगळं फिक्श्चर आणि वेगळा गेज, शेवटी हीट ट्रीटमेंट. हे सगळं उभं करायचं तर आधी कारखाना बांधायला लागतो आणि रायफल नंतर. उलट रिसीव्हर झिजतो किती? नळीच्या मानाने फारच थोडा. झारच्या काळातला रिसीव्हर चांगल्या स्थितीत असेल तर नव्याइतकंच काम देतो.

नळीचं गणित उलटं. नेम बहुतांशी तिच्यावर ठरतो, झिजतेही तीच, आणि बनवायची म्हटलं तर चांगला लेथ, खोल भोक पाडायचं आणि आटे कापायचं यंत्र एवढ्यात काम होतं. किंवा सरळ बाहेरून मागवता येते. म्हणून पैसा नळीवर.

या निवडीला मोसिनच्या रचनेची मोठी साथ होती, आणि या प्रकरणातला मला सगळ्यात आवडणारा तांत्रिक मुद्दा तोच आहे. रायफल जोडताना सगळ्यात जपायची जागा म्हणजे काडतुसाचं बूड आणि बोल्टचं तोंड यांतलं अंतर, ज्याला हेडस्पेस म्हणतात. हे जास्त झालं तर काडतुसाची पितळी केस ताणून फाटते आणि तापलेला वायू मागे, नेमबाजाच्या तोंडाशी येतो. आधुनिक काडतुसांत हे अंतर केसच्या उतरत्या खांद्यावरून ठरतं, त्यामुळे चेंबर (काडतूस बसतं ती नळीची मागची जागा), रिसीव्हर आणि बोल्ट तिन्ही एकमेकांशी बारीक जुळवावे लागतात. मोसिनच्या काडतुसाला मात्र बुडाशी बाहेर आलेली कड आहे. ती कड नळीच्या मागच्या तोंडावर टेकते आणि हेडस्पेस त्या कडेच्या जाडीवर ठरतं. चेंबरच्या खोलीत थोडं इकडेतिकडे झालं तरी चालून जातं. शिवाय मोसिनच्या बोल्टचं डोकं हा सुटा भाग आहे, आणि लॉक होणारे दोन कान त्याच डोक्यावर आहेत. अंतर जुळलं नाही तर आख्खा बोल्ट फेकायचा नाही, डब्यातून दुसरं डोकं काढून गेजवर तपासायचं.

आपल्याकडे एनसीसीत किंवा पोलिसांत ज्यांनी थ्री नॉट थ्री, म्हणजे ली-एनफिल्ड रायफल, हाताळली असेल, त्यांना हे ओळखीचं वाटेल. ली-एनफिल्डचं काडतूसही कडेचं आणि बोल्टचं डोकंही सुटं. तिच्या नंबर ४ नमुन्यात तर डोकी शून्य ते तीन अशा मापांत मिळत, त्याचसाठी.

तेव्हा सहा कारखान्यांचे भाग एकत्र नांदवणं फिनिश आर्मररना, म्हणजे बंदूक-कारागिरांना, जमलं, त्यात त्यांचा हात चांगला होता हे खरंच, पण मूळ यंत्रही सोशिक होतं. तीच माणसं आणि तीच चिकाटी बिनकडेच्या काडतुसाच्या एखाद्या रायफलीवर लावली असती, तर काम कितीतरी महागात पडलं असतं.

रक्षक दलाचा पहिला प्रयत्न

सुरुवात सैन्याने केली नाही. केली ती सुओयेलुस्कुंता या स्वयंसेवी संरक्षक दलाने. मराठीत नागरी रक्षक दल म्हणू. शेतकरी, शिक्षक, दुकानदार यांचं हे दल. रविवारी नेमबाजीच्या स्पर्धा घ्यायचं, आणि स्पर्धा घेणाऱ्याला वाईट नळी सहन होत नाही. या दलाने १९१९ मध्ये हेलसिंकीत स्वतःचं रायफल दुरुस्तीचं वर्कशॉप काढलं. पुढे त्यातूनच साको कंपनी उभी राहिली आणि १९२७ मध्ये रीहिमाकीला हलली.

१९२३ मध्ये दलाने स्वित्झर्लंडच्या नॉयहाउझन इथल्या एसआयजी कंपनीला ३००० नळ्यांची ऑर्डर दिली. या पहिल्या नळ्या बाहेरून मूळ रशियन घाटाच्याच होत्या. पुढच्या करारातल्या ५००० नळ्या मात्र मुद्दाम जाड घेतल्या. जाड नळी कमी थरथरते, तापल्यावर कमी वाकते. त्यानंतर जर्मनीतूनही नळ्या आल्या. एम/२४ नावाची रायफल ती हीच.

जाड नळी कागदावर छान दिसते. जुन्या सामानात ती बसवायला गेलं की अडचणी सुरू होतात. दस्त्याची खाच अरुंद, म्हणून लाकूड कोरून रुंद करावं लागलं. संगिनीची कडी नळीच्या तोंडावर जाईना, म्हणून नळीचा पुढचा टोकाचा भाग लेथवर उतरवून जुन्या मापाचा केला. त्यामुळे एम/२४ च्या तोंडाशी एक स्पष्ट पायरी दिसते. शेकड्यांनी संगिनी बदलण्यापेक्षा प्रत्येक नळीवर एक पायरी काढणं स्वस्त, हा हिशेब मला पटतो.

पैसा कुठून आला? त्यात लोत्ता स्वार्ड या महिला संघटनेचा वाटा होता. दलाला मदत करणाऱ्या या बायकांनी रायफली घ्यायला आणि दुरुस्त करून घ्यायला निधी जमवला. म्हणून एम/२४ ला फिनलंडमध्ये लोत्ता-रायफल हे नाव पडलं. सरकारी खरेदीत असं नाव मिळत नाही.

सैन्याने याच सुमारास एक वेगळाच उपाय करून पाहिला. जुनी नळी फेकायची नाही, तर ती आतून मोठी करून तिच्यात नव्या आट्यांची दुसरी नळी अस्तरासारखी बसवायची. ही इटलीतली सालेर्नो पद्धत. अशा नळ्यांवर पी हे अक्षर असतं. काम चाललं, पण वाट पुढे गेली नाही. नवी नळीच करायची क्षमता देशात येऊ लागल्यावर अस्तराचा खटाटोप कशाला?

दस्ता मोडतो

सैन्याची खरी स्वतःची रायफल एम/२७. हिची नळी ६८.५ सेंटिमीटरची, म्हणजे मूळ नळीपेक्षा साडेअकरा सेंटिमीटरने आखूड, पण जाड. नळ्या टिक्काकोस्की या फिनिश कारखान्याच्या. माशीला, म्हणजे नळीच्या तोंडाजवळच्या पुढच्या साईटला, दोन्ही बाजूंनी उभे कान दिले, आपटून ती वाकू नये म्हणून. ते कान उभ्या कानांच्या फिनिश स्पिट्झ कुत्र्यासारखे दिसतात म्हणून रायफलीचं नाव पिस्तिकोर्वा पडलं. मागच्या साईटवर मीटर आले. सगळं चांगलं.

फसलं ते लाकडात. नवे दस्ते करायचे तर खर्च, म्हणून जुने रशियन दस्ते पुढून कापून आखूड केले. त्यात जाड नळीसाठी खाच आणखी रुंद केली, म्हणजे बाजूच्या भिंती पातळ झाल्या. त्यावर दस्त्याच्या टोकाला बिजागरीची उघडणारी टोपी बसवली. नळी काढायला सोपी, पण पकड अर्धवट. आणि संगीन कुठे लावायची? याच टोकावर.

रायफलीची संगीन म्हणजे एक लांब तरफ आहे, एवढं ध्यानात घेतलं की पुढचं सांगायलाच नको. संगिनीच्या सरावात जवान भोसकून पातं बाजूला पिळतात. सगळा जोर त्या पातळ लाकडावर आणि बिजागरीच्या टोपीवर. दस्त्यांची टोकं फुटू लागली. नंतर पुढच्या भागात लोखंडी पट्ट्या घालून दस्ते मजबूत करावे लागले. हजारो रायफली परत बोलवा, उघडा, पट्टी बसवा, पुन्हा जुळवा, पुन्हा तपासा. नवे दस्ते न केल्याने जे वाचलं होतं, त्यातलं किती यात गेलं असेल, याचा अंदाज ज्याने एकदा तरी माल परत बोलावलाय त्याला येईल.

यातली मेख अशी की लाकूड वाचवणं ही मुळात चूक नव्हती. जुना दस्ता जुन्या नळीला पुरेसा होता. पण एकाच वेळी तो कापला, कोरला आणि त्यावर वेगळी टोपी लावली. तीनही बदल वेगवेगळे पाहिले तर किरकोळ. तिघांचा भार एकाच जागी येतो, हे कुणी बघितलं नाही. जुळवाजुळवीच्या कामात घात होतो तो असाच, दोन सुट्या निर्णयांच्या मधल्या जागेत.

रक्षक दलाचं उत्तर

सैन्याची एम/२७ बाजूला असतानाच रक्षक दलाने स्वतःची एम/२८ काढली. नळीची लांबी तीच, पण टोकाची टोपी बिजागरीशिवाय, एकसंध. म्हणजे शेजाऱ्याच्या ठेचेतून हे शहाणे झाले. नळ्या आधी एसआयजीच्या, मग टिक्काकोस्कीच्या आणि शेवटी साकोच्या स्वतःच्या. स्वतःच्या नळ्या बनवता येऊ लागल्या, तिथून साको दुरुस्ती वर्कशॉप न राहता खरा रायफल कारखाना झाला.

मग एम/२८-३०. हिच्यात नवी साईट आली आणि मॅगझीनमधला एक जुना आजार बरा झाला. कडेच्या काडतुसाचा फायदा आधी सांगितला, तोट्याची बाजू इथे येते. एक काडतूस दुसऱ्यावर बसताना वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे अडकली, तर बोल्ट पुढे जात नाही. रशियनांनी यासाठी अडसर ठेवला होताच, पण तो नेहमी चालत नसे. साकोने मॅगझीन सुधारून त्यावर एचव्ही अशी अक्षरं ठोकली, फिनिश भाषेत त्याचा अर्थ अडथळामुक्त. ट्रिगरची ढिली चाल एका छोट्या स्प्रिंगने आवरली. दस्ता आणि लोखंड यांच्यामध्ये पातळ पत्र्या घालून बैठक नीट केली. यातलं काहीही महाग नाही. पण जुनी झारशाही रायफल आणि एम/२८-३० यांतला फरक जेवढा नळीत आहे, तेवढाच या फुटकळ वाटणाऱ्या कामांत आहे.

१९३७ मध्ये हेलसिंकीत नेमबाजीची जागतिक स्पर्धा झाली, तिथे याच नमुन्याच्या रायफली वापरल्या गेल्या. मोडीत काढायच्या लायकीच्या रिसीव्हरवर उभी केलेली रायफल जगातल्या नेमबाजांच्या हातात देण्याइतका भरवसा यजमानांना वाटत होता.

आणि मग सिमो हायहा. राउत्यार्वीचा शेतकरी, रक्षक दलाचा माणूस. सोव्हिएत संघाशी हिवाळी युद्ध ३० नोव्हेंबर १९३९ ला सुरू झालं. कोल्ला आघाडीवर तो लढला ती एम/२८-३० घेऊन, दुर्बिणीशिवाय, साध्या साईटवर. दुर्बिणीसाठी डोकं वर काढावं लागतं आणि थंडीत काचेवर धुकं धरतं, हा त्याचा हिशेब. ६ मार्च १९४० ला जबड्याला गोळी लागून तो जबर जखमी झाला आणि १३ मार्चला युद्ध थांबलं. त्याच्या नावावर पाचशेच्या वर शत्रुसैनिक लागतात. नेमका आकडा वादाचा आहे आणि त्या आकड्याभोवती फार रोमांच चढवला जातो. मला त्यातलं रायफलीपुरतं एवढंच घ्यावंसं वाटतं की उणे तीस-चाळीसच्या थंडीत हे जुळवलेलं हत्यार अडलं नाही.

दोन घरं, एक रायफल

एव्हाना छोट्याशा देशात सैन्य आणि रक्षक दल यांच्या दोन वेगळ्या रायफली झाल्या होत्या. दोघांचे रिसीव्हर एकाच ढिगातले, काडतूस एक, नळीची लांबीही एक. तरीही दस्ते, टोप्या, साईट वेगळ्या, म्हणजे सुट्या भागांची कोठारंही वेगळी. जुना माल वापरून जे वाचवलं, ते मानापमानात असं थोडं थोडं गळत होतं.

म्हणून दोघांनी मिळून एकच नमुना ठरवला, एम/३९. रक्षक दलाच्या रायफलीचं बरंच काही त्यात उतरलं. दस्ता नव्याने घडवला, मुठीजवळ हाताला पकड येईल असा उतार दिला. नळीचा आतला व्यास किंचित वाढवला, कारण यावेळी एक गोष्ट उघडपणे हिशेबात धरली होती: युद्ध झालं तर ते शेजारच्या सोव्हिएत संघाशी होणार आणि शत्रूची काडतुसं हाती लागणार. लापुआ कारखान्याची १३ ग्रॅमची डी१६६ गोळी आणि पकडलेली सोव्हिएत गोळी, दोन्ही ज्यातून बऱ्यापैकी जातील असं माप ठरलं. लोक हिला उक्को-पेक्का म्हणत. हे राष्ट्राध्यक्ष स्विन्हुवुद यांचं टोपणनाव. त्यांना स्वतःला नेमबाजीचा नाद होता.

नमुना ठरला आणि युद्ध आलं. हिवाळी युद्धात एम/३९ जवळपास नव्हतीच. खरं उत्पादन झालं १९४१ ते १९४५ या काळात, साको आणि व्हीकेटी या दोन कारखान्यांत मिळून सुमारे एक लाख. रिसीव्हरची चणचण आता राहिली नव्हती, कारण सोव्हिएत फौजांकडून पकडलेल्या रायफलींचा ढीग नव्याने जमत होता. शत्रूच पुरवठादार झाला म्हणायचं.

युद्धाच्या रेट्यात लाकूड पुन्हा अडलं. नीट वाळलेलं, एकसंध, लांब लाकूड मिळेना. तेव्हा दोन तुकडे बोटांसारखे एकमेकांत गुंतवून, चिकटवून बर्चचे दस्ते केले. वरवर ही काटकसरीची खूण वाटते, पण तिचा एक फायदाही झाला: जोडामुळे पुढच्या भागाला पीळ पडायची शक्यता कमी होते आणि ओल्या हवेत नळीवरचा दाब बदलत नाही. एम/२७ चा दस्ता आणि हा दस्ता, दोन्ही काटकसरीतूनच आले. पण एकात लाकूड होतं तिथून काढून घेतलं होतं, आणि दुसऱ्यात नव्हतं तिथे विचार करून जोडलं होतं.

याच वर्षांत एक उफराटी गोष्टही घडली, जी मला एम/३९ पेक्षाही बोलकी वाटते. कोठारांत लांब रशियन दस्ते आणि त्यांचं बाकी सामान अजून पडून होतं. तेव्हा टिक्काकोस्की आणि व्हीकेटीने १९४० नंतर पुन्हा जुन्या ८० सेंटिमीटरच्या घाटाच्या नव्या नळ्या बनवल्या. पन्नास वर्षांपूर्वीचा घाट, जो सगळ्यांना नको होता, तो मुद्दाम नव्याने. चांगली रायफल पुढच्या वर्षी, की पुरेशी रायफल या महिन्यात, असा प्रश्न होता आणि त्यांनी महिना निवडला.

पुढे

सप्टेंबर १९४४ च्या शस्त्रसंधीनंतर रक्षक दल बरखास्त झालं. साको ही त्या दलाची मालमत्ता, तीही हातची जायची. ती फिनिश रेड क्रॉसच्या नावावर केली गेली आणि वाचली. रायफल कारखाना रेड क्रॉसचा, हे वाचून हसू येतं, पण इलाज नामी होता.

नंतर बऱ्याच फिनिश रायफली अमेरिकेत विकल्या गेल्या, आणि तिथे या बेजोडपणाने कायद्याचीही गंमत केली. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली बंदूक पुराणवस्तू धरली जाते, आणि वय मोजतात ते रिसीव्हरचं. त्यामुळे १९४२ ची नळी, १९४२ चा दस्ता, पण पट्टीखाली १८९७, तर कायद्यापुरती ती रायफल पुराणवस्तू. म्हणून तिथले गिऱ्हाईक दस्ता उघडल्याशिवाय भाव ठरवत नाहीत. आपल्याकडे असला प्रश्नच येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय बंदूक बनवणं तर गुन्हा आहेच, दुरुस्त करणं किंवा बदलणं हाही गुन्हाच.

फिनिश सैन्याने मात्र रिसीव्हर सोडले नाहीत. १९८० च्या दशकात त्यांना नवी स्नायपर रायफल हवी होती. कारखाने तेव्हा स्वतःचे होते, पैसा होता, आधुनिक रिसीव्हर सहज घेता आला असता. त्यांनी कोठारातले मोसिनचे रिसीव्हर काढले, निवडले, त्यांवर जड नवी नळी, नवा दस्ता आणि दुर्बीण चढवली आणि नाव दिलं टीकेआयव्ही ८५. त्यातले काही रिसीव्हर १८९० च्या दशकातले आहेत. आता तिची जागा घ्यायला साकोचीच नवी टीकेआयव्ही २३ येते आहे. तिचा रिसीव्हर साकोने स्वतः बनवलेला आहे आणि काडतूस नाटोचं, बिनकडेचं.